पाव उणे

पावणे या गावाच्या नावातच सूट आहे. पावणेतीन म्हणजे तीनाला पाव उणे, पावणेचार म्हणजे चाराला पाव उणे. मग पुढे कुठलाही आकडा नसलेलं नुसतं 'पावणे' म्हणजे काय? तर कोणत्याही किमतीला पाव उणे, शेकडा पंचवीस सूट! ही व्युत्पत्ती माझी स्वतःची आहे. भाषाशास्त्रज्ञ तिला दारात उभी करणार नाहीत आणि गावातले लोक तर मलाच उभा करणार नाहीत. पण ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या या गावाच्या शिवारात, म्हणजे १९६२ साली जन्मलेल्या एमआयडीसीनं जिथे पुढे कारखाने वसवले तिथे, मी सव्वीस वर्षं स्टोअरकीपर होतो. त्या अवधीत मी जेवढी तेलं, साबण, रसायनं, फडकी आणि ब्रश खरेदी केले, तेवढे आमच्या सोसायटीतल्या तमाम मोटारवाल्यांनी मिळून केले नसतील. तेव्हा सूट या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे. नसता तरी मी बोललो असतो.

बोलायचं निमित्त म्हणजे अलीकडे सुरू झालेलं 'आपली गाडी आपणच' हे व्रत. रविवारी सकाळी सात वाजता कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत या. पार्किंगमध्ये अर्ध्या चड्डीतले सात-आठ सद्गृहस्थ आपापल्या मोटारीपुढे बाटल्यांची मांडणी करून बसलेले दिसतील. सत्यनारायणाला एवढी मांडामांड नसते. आधी फेस, मग शाम्पू, मग पुसणं, मग मेण, मग पुन्हा पुसणं, मग टायरचं काळं, मग डॅशबोर्डचं पांढरं. घरात स्वतःची चहाची कपबशी न विसळणारा माणूस इथे चाकाच्या आऱ्यांत दात घासायचा ब्रश घालून तासभर ध्यानस्थ बसतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मोटार स्वतः धुवावी. हाताला काम मिळतं, शेजाऱ्यांशी चार शब्द बोलणं होतं, आणि मुख्य म्हणजे गाडीला कुठे पोचा आला आहे ते दुसऱ्यानं सांगायच्या आधी आपल्याला कळतं.

माझं भांडण आहे ते त्या बाटल्यांवरच्या किमतीशी. ती किंमत खोटी आहे, असं माझं स्वच्छ म्हणणं आहे. आणि खोट्या किमतीवरची सूट ही तर खोट्याचीही खोटी.

आमच्याकडच्या या व्रतस्थांत एक अग्रणी आहेत. त्यांचं नाव सांगत नाही. मनातल्या मनात मी त्यांना सवलतराव म्हणतो. परवा त्यांनी सहा बाटल्यांचा संच आणला आणि मला जिन्यातच गाठलं.

"नाना, ओळखा केवढ्याला पडला असेल?"

हा प्रश्न ज्यानं विचारला त्याला खरं उत्तर नको असतं हे एव्हाना मला कळतं. मी गप्प राहिलो.

"छापील किंमत ३,९९९. मला मिळाला १,४९९ ला. अडीच हजार वाचले!"

आमच्या सौ. भाजीची पिशवी घेऊन मागून येत होत्या. त्या म्हणाल्या, "मग ठेवलेत कुठे ते अडीच हजार, भाऊजी?"

सवलतराव खो खो हसले. त्यांना तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता. या बाईनं चाळीस वर्षं संसार केला आहे, आणि तिनं वाचवलेला पैसा डाळीच्या डब्यात हात घातला की लागतो. न दिसणारा वाचलेला पैसा हा प्रकार तिनं पाहिलेला नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

आता ते ३,९९९ आले कुठून? वेष्टनावर किंमत छापणं ही कायद्याची सक्ती आहे. १९७७ च्या नियमांपासून ती चालत आली. १९९० पासून 'सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत' असं तिला आजचं रूप मिळालं आणि २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्यानं ती पुढे चालू ठेवली. हेतू उत्तम होता. तो काळ टंचाईचा. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसायचं, कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी हवी तर वाट पाहायची नाहीतर 'ऑन' द्यायचा. 'ऑन' म्हणजे छापील किमतीच्या वर टेबलाखालून द्यायची रक्कम. नव्या पिढीला तो बटणावरचा शब्द वाटेल. दुकानदार नाडू नये म्हणून सरकारनं रेघ मारून दिली, की बाबा, याच्या वर जायचं नाही.

पण ती रेघ मारायची कुठे, हे मात्र बाटलीवाल्यावरच सोडलं. औषधांसारख्या थोड्या वस्तू वगळल्या तर किती किंमत छापावी यावर बंधन नाही. शंभराच्या मालावर चारशे छापा, हजार छापा. टंचाई गेली, माल ओसंडून वाहू लागला आणि छापील किंमत ही वरची मर्यादा न राहता तमाशाच्या बोर्डावरचं चित्र झाली. राखणदार पुढच्या दाराशी काठी घेऊन उभा आहे, आणि मागच्या बाजूला भिंतच नाही!

यावर काही जण म्हणतील, भाजीवालीही साठ सांगते आणि पंचेचाळीसला देते. बरोबर आहे. पण ती साठ सांगते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं की हे काही खरं नाही. तो दोघांचा खेळ आहे, त्यात दोघांनाही बोलावं लागतं, आणि शेवटी ती दोन मिरच्या वर टाकते. बाटलीवरचा आकडा छापलेला असतो. छापलेलं ते खरं, हे शाळेपासून आपल्या मनावर ठसलं आहे. त्या भाबडेपणावरच हा सगळा धंदा उभा आहे.

आमच्या कारखान्यात खरेदी पाहणारे एक वृद्ध अधिकारी होते. मूर्ती लहान, चष्मा जाड, शब्द मोजके. एखादा नवा सप्लायर खुर्चीच्या कडेवर बसून म्हणायचा, "साहेब, तुमच्यासाठी चाळीस टक्के कमी." साहेब वही बंद करून विचारायचे, "कशातून?" एवढा एकच शब्द. त्या माणसाला घाम फुटायचा. मग साहेब म्हणायचे, "टक्के राहू द्या. लिटरला काय ते बोला." सव्वीस वर्षांत आमच्या स्टोअरमध्ये टक्क्यांनी माल आला नाही. लिटरनं आला, किलोनं आला, डझनानं आला.

गंमत म्हणजे सरकारलाही हे उशिरा का होईना सुचलं आहे. २०२४ पासून वेष्टनावर एकूण किमतीबरोबर एका मिलिलिटरला किंवा एका ग्रॅमला काय पडलं तेही छापावं लागतं. अख्ख्या बाटलीवर कामाचा आकडा तेवढाच, आणि तो अशा बारीक अक्षरात असतो की तो वाचायला घेतलेल्या चष्म्याचे पैसे वेगळे पडावेत. मी वाचला. सवलतरावांच्या संचात दोनशे मिलिलिटरच्या सहा बाटल्या होत्या, म्हणजे एकूण एक लिटर आणि दोनशे. १,४९९ ला बाराशे मिलिलिटर, म्हणजे सूट जमेस धरूनही लिटरला सुमारे साडेबाराशे रुपये पडले. मी ज्या पावण्यात नोकरी केली तिथल्या गाळ्यांत गाडी धुवायचा साबण पाच लिटरच्या कॅनमध्ये पाचशेच्या आतबाहेर मिळतो. लिटरला शंभर. संचातली प्रत्येक बाटली काही साबणाची नव्हती हे मला मान्य आहे. मेणाला मेणाचे पैसे पडणारच. पण फेस, शाम्पू आणि काचेचं पाणी या तिघांना तरी साडेबाराशेचा मान कशासाठी?

शाम्पूत असतं तरी काय? बहुतांशी पाणी. त्यात फेस करणारं द्रव्य, रंग, वास, आणि दाटपणा यावा म्हणून चक्क मीठ! आपण जेवणात घालतो तेच. बोटांत घेऊन "काय घट्ट आहे बघा" असं सवलतराव म्हणतात तेव्हा ते मिठाचं कौतुक करत असतात. भांडी घासायचं लिक्विड मोटारीला लावू नये, ते अंगावरचं मेणही ओरबाडून नेतं, हे खरं. म्हणून गाडीचा साबण वेगळा असावा. वेगळा म्हणजे सोन्याचा नव्हे.

मेणाच्या बाटलीवर ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानावरचं मेण असल्याचं मोठ्या टायपात लिहिलेलं असतं. तो ताड खरा आहे, त्याचं मेण उत्तम असतं आणि टिकतंही. त्या बाटलीत ते किती आहे, हे मात्र लिहिलेलं नव्हतं. आमटीत हिंग आहे म्हणून आमटी हिंगाच्या भावानं विकतात का? दुसऱ्या बाटलीवर 'सिरॅमिक, नऊ एच' असं होतं. सवलतरावांचा समज असा की हे हिऱ्याच्या खालोखाल काही तरी असावं. नऊ एच ही पेन्सिलच्या शिशाची श्रेणी आहे, एचबीची थोरली बहीण. रंगाच्या थरावर पेन्सिल ओढून तो किती कठीण आहे ते बघतात, त्या परीक्षेतला हा आकडा. म्हणजे पेन्सिलीनं ओरखडा उठणार नाही. आमच्या पार्किंगमध्ये गाड्यांवर ओरखडे पेन्सिलीनं उठत नाहीत. ते सेक्रेटरींच्या नातवाच्या सायकलीनं उठतात.

आणि आता या संचाचा प्रवास ऐका. चष्मा लावलाच होता म्हणून उत्पादकाचा पत्ताही वाचला. टीटीसी औद्योगिक क्षेत्र, पावणे! माझ्या जुन्या कारखान्यापासून तीन गल्ल्या. म्हणजे ही बाटली पावण्यात भरली गेली, ट्रकात बसून भिवंडीच्या गोदामात गेली, तिथून पाठीवर पिशवी घेतलेल्या मुलाबरोबर परत आली ती कोपरखैरण्यात, जिथून पावणे रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. माहेराहून सासरी चार घरं ओलांडून जायचं, तर वऱ्हाड काशीला जाऊन आलं. त्या प्रवासाचं भाडं, गोदामाचं भाडं, चकचकीत खोक्याचे पैसे आणि 'आजचाच दिवस' असं ओरडणाऱ्या जाहिरातीचे पैसे, हे सगळं त्या साडेबाराशेत आहे. सूट त्यानंतरची.

सवलतरावांचं यावर ठरलेलं उत्तर आहे. "नाना, हौसेला मोल नसतं." अहो, मान्य! पण मोल नसतं, तर सूट तरी कशाला हवी? हौस करायची तर छाती पुढे काढून करा. हौस आणि काटकसर दोन्ही एकाच बाटलीत कोंबायचं आणि वर बायकोला बचत म्हणून सांगायचं, हे मला पटत नाही.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. हजार-पाचशे रुपये जास्त गेले तर कोणी मरत नाही. मला खरा राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. सुटीची ही चटक साबणावर थांबत नाही. ती बॉनेटच्या आत शिरते.

त्याच पार्किंगमध्ये सवलतरावांनी एकावर एक फुकट असं ब्रेक ऑइल आणलं होतं. पहिली बाटली उघडली, गाडीतली पातळी जरा खाली दिसली म्हणून थोडं ओतलं, आणि उरलेली बाटली बाल्कनीत कुंड्यांच्या मागे ठेवून दिली. तिथे तिनं दोन पावसाळे काढले. आता ब्रेक ऑइलचा एक दुर्गुण आहे, ते हवेतली ओल पितं. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत बरणीतलं मीठसुद्धा रडतं, तिथे या अर्धवट बंद बाटलीनं किती प्यायलं असेल? बाटलीवर 'डॉट ४' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ असा, की कोरं असताना ते किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळणार नाही. पाणी शिरल्यावर ही हमी १५५ वर येते, आणि जास्त पाणी शिरलं तर तीही राहत नाही. बोरघाट उतरताना पायाखाली ब्रेक दाबून धरलेला असतो, चाकाशी सगळं तापलेलं असतं. तिथे हे द्रव उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबलं जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते. मग पायाखालची पट्टी नुसतीच खाली जाते आणि गाडी आपल्या मर्जीनं. म्हणून हे तेल साधारण दोन वर्षांनी सबंध बदलतात आणि उघडलेली बाटली साठवून ठेवत नाहीत.

आणि पातळी मुळात खाली का गेली, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. ब्रेकचे पॅड झिजले की ती खाली जाते, नाहीतर कुठे तरी गळतं आहे म्हणून जाते. गाडी बिचारी सांगत होती की माझं काही तरी दुखतंय. यांनी तिच्या तोंडात फुकटचं औषध ओतलं.

पुढचा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. दोन पावसाळ्यांनंतर सवलतराव तीच बाटली घेऊन खाली आले आणि ओतताना चार थेंब मडगार्डावर सांडले. ब्रेक ऑइल रंग खातं. फडकं सापडेपर्यंत उशीर झाला, आणि नऊ एचच्या खालचा रंग पुरीसारखा फुगला. सवलतराव अक्षरशः हळहळले. दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तो डाग दाखवत होते. "नाना, सोन्यासारखा रंग हो!" मी म्हटलं, "तो रंग जाऊ द्या. तेच तेल आत ब्रेकमध्ये आहे, आणि शनिवारी तुम्ही मुलांना घेऊन लोणावळ्याला निघालाय." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या दुःखाच्या वेळी भलताच विषय काढला. त्यांच्या बायकोनं मात्र ऐकलं होतं. शुक्रवारी गाडी गॅरेजमध्ये गेली. पॅड पत्र्याला टेकायच्या बेतात होते.

साबणावर साडेबाराशे खर्च करणारा माणूस ब्रेकवर दीडशे वाचवतो! हे एकट्या सवलतरावांचं नाही. टायरमध्ये हवा किती आहे ते महिनोन्‌महिने बघायचं नाही, पण टायर काळे कुळकुळीत पाहिजेत. टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली झाला ते त्याच्या अंगावर चार आकड्यांत कोरलेलं असतं. दर रविवारी त्याच आकड्यांवर पॉलिश फासणाऱ्यांपैकी किती जणांनी ते वाचले आहेत?

इंजिन ऑइलची तऱ्हा आणखी वाईट. नामांकित कंपनीचा डबा, बाजारात कुठेच नाही इतका स्वस्त, पावती नाही. अशा डब्यात काय असतं? पुष्कळदा कोणाच्या तरी गाडीतून काढलेलं, गाळून पुन्हा भरलेलं तेल असतं. डबा मात्र अस्सल, कारण तो आपणच भंगारवाल्याला दिलेला असतो. आमच्या स्टोअरमधून रिकामा डबा सुरीनं चीर पाडल्याशिवाय कधी बाहेर गेला नाही. घरी हे करायला अर्धं मिनिट लागतं.

आणि ज्यांनी ऑइलही स्वतःच बदललं त्यांना माझा एक साधा सवाल आहे. ते जळकं तेल कुठे गेलं? साडेतीन-चार लिटर काळं तेल इमारतीत गुप्त होत नाही. गॅरेजवाला ते पिंपात साठवतो आणि पुनर्प्रक्रियेसाठी नेणाऱ्याला देतो. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. आमच्याकडे एकानं ते पहाटे पावसाळी गटारात ओतलं आणि वरून मोरबे धरणाचं बादलीभर पाणी टाकलं. गटार नाल्याला मिळतं, नाला खाडीला, आणि खाडीत फ्लेमिंगो! २०१५ साली ठाणे खाडीचा हा भाग फ्लेमिंगोंसाठी अभयारण्य झाला, २०२२ साली रामसर यादीत गेला. दर हिवाळ्यात हेच गृहस्थ नातवंडांना घेऊन गुलाबी पक्षी बघायला जातात आणि हजाराचे फोटो काढतात. गॅरेजची दोन-तीनशे रुपये मजुरी वाचली, असं त्यांच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेलं असणार. खाडीची वही कोणी ठेवत नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे की सुटीचं हे वेड साबणापुरतंसुद्धा नको, आणि ब्रेक, टायर, ऑइल यांच्या जवळपास तर नकोच नको. तिथे पूर्ण पैसे द्या, पावती घ्या, घासाघीस करू नका. साबणाला मात्र पिशवी घेऊन पावण्याला चला, मी दाखवतो.

गेल्या महिन्यात मी सवलतरावांना नेलंच. पत्र्याची शेड, आत निळी पिंपं, दाराशी पिंपाच्या तोटीला कॅन लावून भरणारा एक मुलगा, आणि टेबलाशी बनियनवर बसलेले मालक. पाच घरांत मिळून एक कॅन, असं आमचं ठरलं होतं. मालकांनी भाव सांगितला. इतका कमी आकडा ऐकून सवलतराव खूश व्हायला हवे होते, पण ते चुळबुळ करायला लागले. त्यांना काही तरी कमी पडत होतं. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं,

"छापील किंमत काय आहे हो याची?"

मालकांनी पावतीपुस्तकातून मान वर केली आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या बाटल्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "लेबलं यायचीत अजून साहेब. लेबल लागल्यावर या, साठ टक्के कमी करून देतो."